घडीव तवा आणि बिडाचा तवा

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत धातूंचा धडा चालू असताना 'बिडाचा तवा' असा शब्द आला, की एखादा चुणचुणीत मुलगा विचारतोच, "गुरुजी, हा तवा बीडला होतो का?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गोदावरी ओलांडली की पलीकडे बीड जिल्हा, आणि आपल्याकडे वस्तूला गावाचे नाव देण्याची रीत आहेच. बिदरच्या नक्षीकामाला आपण बिदरी म्हणतो. पण बिडाचा आणि बीड गावाचा संबंध नाही. बीड म्हणजे ओतीव लोखंड. भट्टीत पार पातळ करून साच्यात ओतलेले.

खरी गंमत पुढे आहे. त्याच मुलाला घरचा तवा आणायला सांगितला, तर तो जो 'लोखंडी तवा' आणील तो बहुतेक वेळा बिडाचा नसतो. तो पातळ असतो, थोडा खोलगट असतो आणि उलथन्याने वाजवला तर टणटण वाजतो. बिडाचा तवा जाड, जड, नि वाजवला तर बद्द आवाज करणारा. दोन्ही काळे, दोन्हींना चुंबक चिकटते, दोन्ही गंजतात, म्हणून आपण दोन्हींना एकच नाव देतो. प्रत्यक्षात त्यांचे इतिहास वेगळे आहेत. एक या मातीत अडीच हजार वर्षे वावरतो आहे. दुसरा यंत्रयुगाच्या पाठीवर बसून आला. तवा वापरण्याचे आणि राखण्याचे जे ज्ञान घराघरांत होते, ते या दोन इतिहासांतून तयार झाले. ते आता झपाट्याने विसरले जात आहे. त्याची किंमत फक्त चिकटलेल्या धिरड्यात मोजायची नसते, हे पुढे येईलच.

आधी लोखंड येते कुठून ते पाहू. परभणी जिल्ह्याच्या पायाखाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे. त्याच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा लोहाचा असतो. त्याच पाषाणाची झीज होऊन आपली काळी माती झाली. म्हणजे आपण अक्षरशः लोहावर उभे आहोत. परंतु हे लोह खनिजांच्या सांगाड्यात इतके विखुरलेले आहे, की भट्टी लावून ते काढणे परवडत नाही. मातीतल्या लोहाचीही तीच कथा. जमीन चुनखडीची आणि विम्लधर्मी असल्यामुळे लोह असूनही पिकाच्या मुळांना मिळत नाही. भुईमुगाची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि शेतकरी हिराकस फवारतो. 'आहे, पण मिळत नाही' ही लोहाची खोड लक्षात ठेवावी. माणसाच्या शरीरातही ती आपल्याला भेटणार आहे.

तेव्हा परभणीला लोखंड बाहेरूनच येणे भाग होते. बेसॉल्टचे पठार जिथे संपते तिथे, पूर्वेकडे, खनिज सापडते. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात उत्खनन केले. तिथे लोखंड गाळण्याची भट्टीच हाती लागली. भाजलेल्या मातीच्या विटा, भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या आणि धातूची मळी असा सगळा संसार तिथे होता. काळ इसवी सनापूर्वी सुमारे ७००. विदर्भातील त्या काळच्या शिलावर्तुळांत, म्हणजे मोठ्या दगडांच्या वर्तुळाकार दफनांत, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या आणि घोड्यांचे लगाम सापडले आहेत.

दुसरे ठिकाण गोदावरीच्या खालच्या अंगाला आहे. गंगाखेडवरून वाहणारी नदी नांदेड ओलांडून तेलंगणात शिरते. तिथे निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. हे गाव आणि परभणी दोन्ही १९४८ पर्यंत एकाच निजामी राज्यात होती. इथले पोलाद इराणपर्यंत जाई. तलवारींच्या दमास्कस पोलादाचा कच्चा माल तो हाच. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर फिरणारा भूशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसी याने इथली पद्धत पाहून लिहून ठेवली. त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ साली, ती बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. मातीच्या मुशीत लोखंड घालायचे, तोंड बंद करायचे, तासन्‌तास तापवायचे आणि सावकाश थंड करायचे. कार्बनचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास आले की उत्तम पोलाद. इंग्लंडात याच भारतीय पोलादाचा अभ्यास १८२० च्या सुमारास मायकेल फॅरडेने केला. विजेच्या धड्यात भेटणारा फॅरडे लोहाराचा मुलगा होता, हे वर्गात सांगण्यासारखे आहे.

आता मुद्द्याचा प्रश्न. जगाला पोलाद पुरवणाऱ्या या कारागिरांनी बिडाचा तवा का केला नाही?

शुद्ध लोखंड १,५३८ अंश सेल्सिअसला वितळते. कोळसा आणि हाताचा भाता यांच्यावर चालणारी बुटकी भट्टी सुमारे १,२०० अंशांपर्यंत जाते. या तापमानाला खनिजातला प्राणवायू कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने हिरावला जातो, पण लोखंड वितळत नाही. तळाशी मऊ, स्पंजासारखा, मळीने भरलेला गोळा तयार होतो. तो बाहेर काढून तापला असतानाच घणाने ठोकायचा म्हणजे मळी पिळून निघते. राहिले ते घडीव लोखंड. त्यात कार्बन जवळजवळ नसतो, म्हणून ते वाकते, ताणते, ठोकले की पसरते. यातून नांगराचा फाळ होतो, विळा होतो, आणि पसरत नेले की तवाही होतो.

बीड व्हायला कार्बन दोन ते चार टक्के लागतो. तेवढा कार्बन मुरला की लोखंडाचा वितळणबिंदू उतरून सुमारे १,१५० अंशांवर येतो. त्यासाठी भट्टी उंच हवी आणि हवा जोरात व सतत हवी. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास हे जमले होते. युरोपात ते मध्ययुगाच्या अखेरीस जमले. आपल्याकडच्या भट्टीवाल्याच्या हातून चुकून बीड तयार झाले असते तरी लोहाराने ते फेकून दिले असते. कारण बीड ठोकले की फुटते. घण हेच ज्याचे मुख्य हत्यार, त्याला न ठोकता येणारे लोखंड काय कामाचे? तंत्रज्ञानाच्या इतिहासात 'त्यांना जमले नाही' असे घाईने म्हणण्यापेक्षा 'त्यांना त्याचा उपयोग नव्हता' ही शक्यताही तपासावी, असे आम्हाला वाटते.

ओतीव लोखंडाला जगभर घरोघर नेले ते मात्र स्वयंपाकाच्या भांड्यानेच. इंग्लंडात अब्राहम डार्बी नावाचा गृहस्थ पितळेची भांडी करीत असे. पितळ महाग, तेव्हा गरिबाला परवडेल असे लोखंडी भांडे वाळूच्या साच्यात ओतता येईल का, या खटपटीतून त्याने १७०७ साली पेटंट घेतले. दोन वर्षांनी, १७०९ साली, कोलब्रुकडेल येथे त्याने लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाचा कोक वापरून लोखंड गाळले. औद्योगिक क्रांतीची सुरुवात सांगताना पुस्तके या १७०९ सालाचा उल्लेख करतात. दोन वर्षांपूर्वीचे भांडे मात्र गाळतात. खरे तर स्वस्त पातेल्याच्या शोधातूनच पुढचे पूल, इंजिने आणि रूळ निघाले.

भारतात असा मोठा प्रयत्न १८३० मध्ये मद्रास इलाख्यातल्या पोर्टो नोव्हो येथे झाला आणि पुढे बसला. बंगालमध्ये कुल्टीला १८७० नंतरच्या दशकात भट्टी चालू झाली. जमशेदपूरच्या भट्टीतून १९११ च्या अखेरीस लोखंड वाहू लागले. परभणीच्या वाटेला बीड आले ते रेल्वेबरोबर. सिकंदराबाद-मनमाड हा निजाम सरकारचा गोदावरी खोऱ्यातला मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि परभणी, सेलू, मानवत, पूर्णा ही नावे नकाशावर ठळक झाली. कापूस बाहेर जाऊ लागला. जिनिंगची यंत्रे आत आली. त्या यंत्रांची चाके, बैठका, चौकटी बिडाच्या. बिडाची पहिली ओळख इथल्या माणसाला चुलीवर नव्हे, जिनिंगमध्ये झाली असणार.

मराठी शेतकऱ्याच्या हातात बीड दिले लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. त्यांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी समजूत असल्याने सुरुवातीला तो खपेना. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले, ही घटना शालेय पुस्तकात असायला हवी. ओतशाळा एकदा गावोगाव उभ्या राहिल्या, की नांगराच्या जोडीला आप्पेपात्रे, तवे, शेगड्या हा किरकोळ मालही वाळूच्या साच्यांतून निघू लागतो. आज कोल्हापूर आणि बेळगाव ही ओतकामाची मोठी केंद्रे आहेत.

मात्र परभणीच्या भाकरीने घडीव तवा सोडला नाही, आणि त्याला कारण आहे. इथली चूल पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या यांच्यावर चालत आली. पऱ्हाट्या भडकन पेटतात, झरकन विझतात. पातळ तवा त्या जाळाबरोबर तापतो आणि निवतो, म्हणून भाकर करणारी बाई जाळ पुढेमागे सारून तापमान सांभाळू शकते. जड बिडाचा तवा अशा जाळावर तापायला वेळ घेतो, आणि एकदा तापला की निवायला तयार नसतो. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकट ताण नसतो. भाकर थापून तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवतात. ते पाणी सुकायच्या आत उलटावी लागते, नाहीतर भाकरीला चिरा पडतात. हा सगळा खेळ अर्ध्या-एक मिनिटाचा. तव्याने जाळाचे ऐकले पाहिजे.

तवा तापला की नाही हे पाहायला पाण्याचा शिपका मारतात. थेंब चरचरून आटला तर ठीक. थेंब गोळी होऊन तव्यावर नाचू लागला तर तवा फार तापला. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि ती थेंबाला तव्यापासून अलग ठेवते. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने १७५६ मध्ये हे लिहिले आणि त्याचे नाव त्या घटनेला मिळाले. आपल्या आज्या त्याला नाव न देता वापरत होत्या.

गॅस आल्यावर चित्र पालटले. शेगडीची ज्योत कड्यासारखी, एकाच जागी लागणारी. लोखंड उष्णता वाहून नेण्यात मंद आहे. ॲल्युमिनियमच्या ते चौथ्या-पाचव्या हिश्श्याचे. त्यामुळे पातळ तव्यावर ज्योतीच्या कड्याइतका भाग करपतो आणि कडा कच्च्या राहतात. इथे बिडाचा जाडपणा कामी येतो. उष्णता जाडीत मुरते, साठते आणि जरा सारखी होऊन वर येते. गार पीठ ओतले तरी तवा एकदम निवत नाही. म्हणून धिरडी, डोसे, थालीपिठे, आप्पे यांना बीड चांगले, आणि चुलीवरच्या भाकरीला घडीव. दोन तवे दोन कामांचे. जुन्या घरांत भाकरीचा तवा धिरड्याला देत नसत. त्यामागे सोवळे होते तसे शास्त्रही होते. भाकरीचा तवा कोरडा लागतो, धिरड्याचा तेल प्यायलेला.

हे 'तेल पिणे' म्हणजे काय? लोखंड काही तेल शोषत नाही. काय होते ते समजून घ्यायला आपल्याच शिवारात जावे. करडई हे मराठवाड्याचे जुने रब्बी पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठात त्यावर दीर्घकाळ संशोधन झाले असून 'परभणी कुसुम' हा वाण तिथलाच. नेहमीच्या करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग लिनोलेइक आम्लाचा असतो. या आम्लाच्या साखळीत दोन ठिकाणी दुहेरी बंध असतात. तेलाचा पातळ थर हवेत तापवला की प्राणवायू या बंधांच्या शेजारी हल्ला करतो, साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि तेलाचे तेलपण जाऊन कडक पापुद्रा तयार होतो. जवसाचे तेल यात आणखी तरबेज, म्हणून ते रंगात घालतात. करडईचे तेल खूप तापवून घट्ट केले की त्याला 'रोघन' म्हणत. ते कातड्याला आणि काचा-दगड चिकटवायला वापरले जाई. मूळ फारसी शब्दाचा अर्थ तेल किंवा तूप. आपला 'रोगण' शब्द तोच. म्हणजे तयार तव्यावरची काळी झिलई हे खरोखरीच रोगण आहे, फक्त ते घरी, चुलीवर, कण्याकण्याने चढवलेले.

त्याखाली आणखी एक थर असतो. लोखंड लाल तापून हवेत किंवा वाफेत राहिले की त्यावर काळे ऑक्साइड चढते. लाल लोखंडावरून वाफ नेण्याचा पाठ्यपुस्तकातला प्रयोग आठवावा. लाल गंज भुसभुशीत असतो आणि ओल धरून ठेवतो. हे काळे ऑक्साइड मात्र घट्ट चिकटून बसते. लोहाराकडून आलेला नवा तवा निळसर काळा दिसतो तो याच्यामुळे.

तवा तयार करण्याची रीत यावरून आपोआप उलगडते. नवा तवा घासून धुवायचा, चुलीवर पूर्ण कोरडा करायचा, अर्धा कांदा तेलात बुडवून त्याने तेल चोळायचे आणि मग फडक्याने पुसून टाकायचे. इतके पुसायचे की तेल लावलेच नाही असे वाटावे. मग धूर येईपर्यंत तापवायचे. असे चार-पाच वेळा. नवशिके चुकतात ते पुसण्यात. जाड थरात वरचा पापुद्रा बनतो, आतले तेल अर्धे कच्चे राहते आणि तवा चिकट होतो. शेंगदाण्याच्या तेलात लिनोलेइक आम्ल कमी, म्हणून त्याने हेच काम व्हायला जास्त वेळ लागतो. तुपाने तर होतच नाही म्हटले तरी चालेल.

साबण लावला की तवा बिघडतो हे अर्धसत्य आहे. जोडल्या गेलेल्या साखळ्या सौम्य साबणाने सुटत नाहीत. त्यांना सोडवतात ते तीव्र अल्क. पूर्वी भांडी राखेने घासत. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. धुण्याचा सोडाही तसाच. तेलाचे बंध त्यांनी तुटतात. म्हणूनच 'धिरड्याच्या तव्याला राख लावू नये' अशी ताकीद असे, आणि ती बरोबर होती. आंबट पदार्थ त्यात शिजवून तसाच ठेवला तरी थर उकलतो. रात्रभर भिजत टाकणे हे सर्वांत वाईट. तापलेल्या तव्यावर पाणी ओतू नये असे मोठ्या बायका सांगतात आणि त्याला अपशकुनाची जोड देतात. अपशकुन सोडा, पण बीड ठिसूळ असल्याने अशा धक्क्याने त्याला तडा जातो हे खरे. तडकलेले बीड लोहार नीट करू शकत नाही. वाकडा झालेला घडीव तवा मात्र ऐरणीवर चार घाव घालून सरळ होतो.

गंजलेला तवा मेला असे समजू नये. विटेचा चुरा आणि चिंच यांनी घासला की चिंचेतले आम्ल गंज सोडवते, उघडे करडे लोखंड दिसते, आणि पुन्हा पहिल्यापासून तेल. पन्नास वर्षांचा तवा असा परत उभा राहतो. हे ज्ञान घरात होते तसे दारावरही येत असे. गावचा बलुतेदार लोहार फाळ शेवटायचा. त्याच्याखेरीज घिसाडी हा भटका लोहार समाज पालांसह बाजाराच्या गावी उतरायचा. बाई भाता ओढते किंवा घण मारते, गडी सांडशीत तापला तुकडा फिरवतो, हे दृश्य आजही क्वचित दिसते. आज ते पत्र्याचे किंवा भंगाराचे लोखंड वापरतात. भट्टीतल्या गोळ्यापासून तवा करणे केव्हाच संपले. समाजशास्त्रात आपण 'भटके विमुक्त' हा धडा शिकवतो आणि विज्ञानात 'धातुविज्ञान', पण ही दोन पाने एकत्र शिवत नाही.

तव्याला मागे सारणारी पहिली चीज ॲल्युमिनियम. स्वस्तात ॲल्युमिनियम काढण्याची विद्युत् पद्धत १८८६ साली सापडली आणि १८९८ मध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासच्या कलाशाळेत ॲल्युमिनियमची भांडी करायला आरंभ केला. आपल्याकडे त्याला अजून 'जर्मन' म्हणणारी माणसे भेटतात. हलके, न गंजणारे, लवकर तापणारे. पाणी वाहणाऱ्या बाईला ते आवडले यात नवल नाही. दुसरी चीज न चिकटणारा लेप. रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये टेफ्लॉन अपघाताने सापडले, आणि १९५४ मध्ये मार्क ग्रेगवार या फ्रेंच इंजिनिअरने ते तव्यावर बसवले. धिरड्याला ते सोयीचे आहे. परंतु हा लेप सुमारे २६० अंशांपुढे नेऊ नये असे सांगतात, आणि भाकरीचा कोरडा तवा मोठ्या आचेवर ती मर्यादा सहज ओलांडतो. त्यावर भाकर भाजणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही.

आता किमतीची गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के आणि पाच वर्षांखालील बालकांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयाच्या कक्षेत आढळली. मग कोणीतरी म्हणते, 'लोखंडी तव्यावरची भाकर सोडली, त्याचे हे फळ.' शिक्षकाने इथे थांबून तपासले पाहिजे.

भांड्यातले लोह अन्नात उतरते ही कल्पना जुनी आहे. चरकसंहितेच्या रसायन प्रकरणात नव्या लोखंडी पात्राला त्रिफळ्याचा लेप लावून एक दिवस-रात्र ठेवावा आणि मग मधाच्या पाण्यातून घ्यावा, असे सांगितले आहे. नवे पात्र, ओलसर आंबट-तुरट लेप आणि भरपूर वेळ या तिन्ही अटी तिथे आहेत. आधुनिक मोजमाप तेच सांगते. अमेरिकेत टेक्सास येथे ब्रिटिन आणि नॉसमन यांनी १९८६ साली वीस पदार्थ बिडाच्या भांड्यात शिजवून पाहिले. सफरचंदाच्या आंबट गरात १०० ग्रॅमला ०.३५ मिलिग्रॅम असलेले लोह ७ मिलिग्रॅमच्या वर गेले. मक्याच्या पावात मात्र फरक नगण्य होता. आपली भाकर कोणाच्या जवळची, हे सांगायला नको. ती कोरडी असते, आंबट नसते आणि तव्यावर फार तर दोन-तीन मिनिटे राहते. रक्ताला लोह द्यायचे काम तव्यापेक्षा कढईचे. चिंच घातलेली आमटी, अंबाडीची भाजी, टोमॅटोचे कालवण लोखंडात शिजले तर लोह मिळते.

आणि त्याने खरेच फरक पडतो. इथिओपियात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही कुटुंबांना लोखंडी आणि काहींना ॲल्युमिनियमची भांडी दिली. वर्षभराने लोखंडी भांड्यांच्या घरांतील मुलांत रक्तक्षयाचे प्रमाण ५७ टक्क्यांवरून १३ टक्क्यांच्या आसपास उतरले. ॲल्युमिनियमच्या गटात ते ५५ वरून ३९ वर आले. पुढे मलावी देशात तसाच प्रयत्न झाला, तेव्हा पुष्कळ घरांनी भांडी वापरणे सोडले. तक्रार अशी, की भांडी जड आहेत आणि गंजतात. लोखंड दिले, पण ते राखण्याची रीत सोबत गेली नाही. आपल्याकडे ती रीत होती, म्हणून तिच्या जाण्याची हळहळ वाटते.

रक्तक्षयाची कारणे इतरही आहेत. जंत, ब-१२ ची कमतरता, मलेरिया, सिकलसेल. थॅलेसेमियाच्या काही रुग्णांना तर जादा लोह बाधते, तेव्हा वर्गात सरसकट सल्ला देऊ नये. शिवाय ज्वारीतल्या फायटिक आम्लामुळे आणि जेवणानंतरच्या चहामुळे लोह असूनही आतड्यात शोषले जात नाही. मातीचीच खोड. जेवताना लिंबू पिळले तर शोषण सुधारते. परभणीच्या विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेसोबत २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' नावाची ज्वारी आणली. तिच्यात किलोला सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह असते, नेहमीच्या वाणांत सुमारे ३०. दिवसाला ३०० ग्रॅम पीठ धरले तर १३.५ विरुद्ध ९ मिलिग्रॅम. प्रौढ स्त्रीची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅम आहे. उरलेले कुठून भरायचे, हे गणित नववीच्या मुलींना सोडवायला द्यावे.

एक प्रयोगही करता येईल. दोन लोखंडी कढया घ्या, एक नवी घासलेली आणि एक वर्षानुवर्षे वापरून काळी झालेली. दोन्हींत आंबट ताकाची निवळी सारखीच घालून रात्रभर ठेवा. तिसरा वाटा काचेच्या भांड्यात असू द्या. सकाळी तिन्ही वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत गाळून त्यात हिरड्याचा काढा थेंब थेंब सोडा. हिरड्यातले टॅनिन आणि लोह एकत्र आले की हिरडा-हिराकसाच्या जुन्या शाईसारखा निळसर काळा रंग येतो. काचेतली निवळी तशीच राहील, नव्या कढईतली चांगली काळवंडेल. जुन्या कढईतली किती काळवंडते, ते नीट पाहावे. जो काळा थर कढईला गंजापासून वाचवतो, तोच लोहालाही अडवतो. गंजही नको आणि लोह तर हवे, तर कढई किती घासावी, यावर वर्गात तास सहज निघतो. निवळी पिऊ मात्र देऊ नये.